छत्तीस काचा कपाटात आहेत

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी सव्वातीन वाजता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळ्या गावासमोर जमनाबाईंना दोषी ठरवण्यात आलं. दोष त्यांचा नव्हता. ठरवणाऱ्यांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

वार लक्षात राहायचं कारण साधं आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. घरोघरी उपास, मासळीच्या ओट्यांवर कुत्री झोपलेली. म्हणून 'सभा गुरुवारीच ठेवा, आमाला सगळ्यांना येता येईल' असं बायकांनीच सांगितलं होतं. आणि आल्या सगळ्या, केसांत गजरे माळून आल्या. आपल्या खाडीला काय झालंय ते शास्त्र सांगणार म्हणून आल्या. शास्त्रानं सांगितलं की जमनाबाईंनी माशांना राख चोळली.

संपादकांनी मला नोकरीच्या आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. माझं वय अठ्ठावीस. नोकरी केली ती पावणेतीन वर्षं. एवढ्या भांडवलावर आठवणी लिहायला बसणं हास्यास्पद आहे हे मला कळतं. पण माझ्या आठवणी एका लाकडी पेटीत आहेत, पेटी उन्हात आहे, आणि मी निवृत्तीच्या वयाची होईपर्यंत त्यांचा रंग टिकणार नाही. हे 'रंग टिकणार नाही' मी शब्दशः म्हणते आहे. कसं ते पुढे सांगते.

प्रयोगशाळेचं नाव देत नाही. दिलं तर संपादक पुढची दिवाळी नोटिसांना उत्तरं देत काढतील. बोईसरला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला, एक दुमजली इमारत, खाली टायरचं दुकान, वर आम्ही. माझं पद 'प्रकल्प सहायक'. त्याआधी कॉलेजपासून मी आमच्या मंडळाची पत्रकं लिहीत होते. पत्रक मला चांगलं जमतं. एका पानात बसवायचं, मथळा जाड ठेवायचा, पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी करायची. मधल्या ओळी कुणी वाचत नाही असं आमचे जुने कार्यकर्ते म्हणत. मधल्या ओळींचं महत्त्व मला दामूकाकांनी शिकवलं.

दामूकाका उमरोळीचे. उभी हयात मांसाचे पातळ काप काढण्यात गेलेली. खाटकाचे काप नव्हेत. माशाच्या कल्ल्याचा नखाएवढा तुकडा आधी औषधात मुरवायचा, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून टाकायचं, वितळलेल्या मेणात बसवायचा, मेणाची वडी थिजली की यंत्राच्या पात्यावर तिचे काप घ्यायचे. किती पातळ? काप पात्यावरून उचलताना श्वास रोखून धरायचा. सुस्कारा सोडला तर तो उडून जातो. मग तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या पट्टीवर उचलायचा आणि रंगवायचा. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. न रंगवता बघाल तर काही दिसणार नाही, कारण एवढं पातळ मांस पाण्यासारखं पारदर्शक असतं. आपण मायक्रोस्कोपमध्ये जे बघतो तो रंग आपण दिलेला असतो आणि आकार त्या जीवाचा असतो. ही काच नीट ठेवली तर कित्येक वर्षं टिकते. उन्हात ठेवली तर गुलाबी आधी जातो, मग निळा.

पहिल्याच महिन्यात मी एक शोध लावला. खाडीच्या पाण्याच्या थेंबात मला काळ्या जाड कडेचा एक गोल प्राणी दिसला. आत काही नाही, कडा मात्र काळीकुट्ट. मी त्याचं चित्र काढलं, खाली 'रसायनामुळे फुगलेली पेशी' असं लिहिलं आणि मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला. दामूकाकांनी डोळा लावला.

"हा प्राणी तुझ्या चहातपण असतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हवेचा बुडबुडा आहे. काच तिरकी धरून ठेवायची असते, तू थापटलीस भाकरीसारखी." मग खुर्ची ओढून बसले. "तू काय घरून लिहून आणलंयस का, काय दिसणार ते? आधी बघ. मग लिही. आणि दोन्ही डोळे उघडे ठेव. एक मिटून बघशील तर तासाभरात डोकं धरशील आणि मग वाट्टेल ते दिसेल."

आमचा तो जुना मायक्रोस्कोप एका डोळ्याचा होता. दुसरा डोळा उघडा ठेवून त्यातून येणारं टेबल, वही, खिडकी मनातून पुसून टाकायला मला दीड महिना लागला. ते जमल्यावर मात्र एका डोळ्यानं बघत दुसऱ्यानं वहीत चित्र काढता येतं. हे कौशल्य मला अजून येतं, आणि ते वापरायला आज माझ्याकडे मायक्रोस्कोप नाही.

गिऱ्हाइकंही और असत. सालवडला कामगारांना खोल्या भाड्यानं देणारे एक मालक टाकीचं पाणी घेऊन आले. 'स्वच्छ' असं लिहून पाहिजे होतं. मी त्यांना थेंब दाखवला. त्यात एक जंत मजेत शेपूट हलवत होता. मालकांनी बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हा आमच्या टाकीतला नाही. आमच्याकडे असला काही प्रकार नाही." जणू भाडेकरूच होता आणि त्याची पावती नव्हती. मी हसले होते तेव्हा. पुढे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीही शब्द बदलून तेच म्हटलं, तेव्हा हसू आलं नाही.

आता मूळ गोष्ट.

खाडीतल्या मासळीवर काही परिणाम झाला आहे का, असा अभ्यास आमच्याकडे आला. कुणी मागवला ते अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. ज्यांना हवं त्यांनी तिथे वाचावं. आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, निवटी निवडली. निवड उत्तम होती, हे मान्य करते. निवटी ही चिखलातली मासळी. ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारते, बिळात राहते, आपली खाडी सोडून दूर जात नाही. खाडीला जे होतं ते निवटीला होतं. आणि सगळ्यांत आधी कल्ल्यांना, कारण पाणी थेट कल्ल्यांतून जातं.

निवटी हातानं धरतात. खांद्यापर्यंत हात बिळात घालून. हे काम बायका करतात, आणि आमच्या खाडीवर जमनाबाईंसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, तोंडात मशेरी. पहिल्या भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाय, तू मासली खातंस का नुसती कापतंस?"

खाते म्हटल्यावर बोलायला लागल्या. "आदी आमी चिखलात पाय टाकला का निवटी उडायची. पाठी लागायला लागायचं. आता हाताशी येते, दगडावानी. घ्या म्हनते मला. धरायला सोपी झाली तशी भ्या वाटाया लागलं. गिऱ्हाईक पन पैले हुंगतं, मंग घेतं."

दोन दिवसांनी त्यांनी बारा निवट्या आणून दिल्या. मी बर्फ दिला होता, डबा दिला होता, नंबरांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. दामूकाकांनी काप काढले, मी रंगवले, डोळा लावला. कल्ल्यांत काळे टोकदार कण. कणच कण. सापडलं! या वेळी बुडबुडा नव्हता.

दामूकाकांनी बघितलं, कानशील खाजवलं. "ही राख कुणी खाल्ली गं?"

निवटी बुळबुळीत असते. आमच्या किनाऱ्यावर ती कुणाच्या हातात द्यायची तर आधी चुलीची राख चोळून, बुळबुळ काढून, धुऊन देतात. जमनाबाईंनी तेच केलं होतं. मी विचारायला गेले तर उलट त्याच चिडल्या.

"मंग? शिकल्यासवरल्या मानसांफुडं बुळबुळीत मासली ठेवू? आमी पावन्याला पन देत नाय तशी!"

चूक माझी होती. मी त्यांना सगळं सांगितलं आणि हे सांगितलं नाही. कारण मला माहीतच नव्हतं. मी सालवडच्या चाळीत वाढले, आमच्याकडे निवटी यायची ती साफ होऊनच. त्या बारा काचा रद्द केल्या, आणि ते बरोबरच होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सभेत याच काचांवर सगळा डाव रचला गेला.

पण राखेच्या कणांपलीकडे त्या काचांत आणखी एक गोष्ट दिसत होती. निरोगी कल्ला भिंगाखाली फणीसारखा दिसतो. एक दांडा आणि दोन्ही बाजूंना बारीक दात, दातांत सारखी फट. त्या फटींतून पाणी जातं आणि मासा श्वास घेतो. आमच्या काचांत दात एकमेकांना चिकटले होते. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "राख चोळल्यावर होणारच. हाताळणीतला दोष."

हे मी जमनाबाईंना जाऊन सांगितलं. त्या ओट्यावर बसून मासळीवरच्या माश्या हाकत होत्या. हात थांबला.

"राखेनं चिकटतात म्हनतो?"

"हो."

"मंग माज्या नणंदेच्या खाडीची निवटी आन. तिकडं कारखाना नाय, काय नाय. तिला मी राख चोलते, हीच, माज्या चुलीतली. तिचे दात चिकटले तर मी खोटी. नाय चिकटले तर तुजा सायेब."

संशोधनात याला तुलनेचा नमुना म्हणतात. मी ते एम.एस्सी.च्या पुस्तकात वाचलं होतं. जमनाबाईंनी ते मासळीच्या ओट्यावर, माश्या हाकताना, तिथल्या तिथे मांडलं. आणि सरांच्या डोक्यात ते आलं नव्हतं, किंवा येऊ द्यायचं नव्हतं.

आम्ही ते केलं. नणंदेच्या खाडीवर ओहोटीला मी स्वतः गेले, मांड्यांपर्यंत चिखलात. तिथल्या बारा निवट्या जिवंत धरून तिथेच कल्ले औषधात टाकले. आणखी बारा जमनाबाईंना दिल्या. त्यांनी राख चोळली, धुतल्या, आणि पहिल्यांदा आणल्या होत्या तशाच, तेवढाच वेळ डब्यात ठेवून आणल्या. आणि बारा आमच्या खाडीच्या, राखेशिवाय, जिवंत असतानाच औषधात. बरण्या घेऊन परतताना रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "मॅडम, ये कौन सा अचार है?" मी म्हटलं, खाडीचं.

छत्तीस मासे, छत्तीस काचा. दामूकाकांनी एकच अट घातली. "कुठली काच कुठल्या खाडीची ते मला सांगायचं नाही. तूही विसर. काचेवर नुसता आकडा. यादी तिसऱ्याकडे." तिसरं कोण? यादी पाकिटात घालून, चिकटवून आम्ही जमनाबाईंकडे दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती मशेरीच्या डब्यात ठेवली आणि डबा कमरेला खोचला.

आम्ही दोघांनी वेगवेगळं बसून छत्तीस काचा बघितल्या. प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं, दात सुटे की चिकटलेले, कण आहेत की नाहीत. मग जमनाबाईंना बोलावलं. त्या चप्पल बाहेर काढून आत आल्या. मी आधी त्यांना भिंगातून बघायला दिलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या, ते सगळ्यांचंच होतं. मग नजर बसली. मी काच बदलली. आणखी एक बदलली.

"ही फणी हाय," त्या म्हणाल्या. "आन ही पन फणीच, पन हिच्यात गोंद भरलाय." डोळा न काढता विचारलं, "बाय, ही श्वास कुठून घेत असेल गं?"

मग पाकीट फोडलं. नणंदेच्या खाडीच्या निवट्या, जिवंत घेतलेल्या, दात सुटे. त्याच खाडीच्या, राख चोळलेल्या, काळे कण भरपूर आणि दात सुटे. बाराच्या बारा सुटे. आमच्या खाडीच्या, राखेचा एक कण नाही, आणि बारापैकी अकरांचे दात चिकटलेले. राखेनं कण येतात. राखेनं दात चिकटत नाहीत. जमनाबाईंनी यादी परत डब्यात ठेवली. दामूकाकांनी जमनाबाईंसाठी खालून चहा मागवला आणि बशीत ओतून दिला. ते कुणासाठी उठलेले मी तोवर पाहिले नव्हते.

माझ्या काचा काय सांगत नाहीत तेही लिहिते, नाहीतर दामूकाका रागावतील. हे कुणाच्या पाण्यामुळे झालं ते भिंगातून दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. आमच्या काचा एवढंच सांगतात की आमच्या खाडीची निवटी आजारी आहे आणि जमनाबाईंची चूल त्याला जबाबदार नाही. पुढचा प्रश्न विचारायला एवढं पुरेसं होतं. म्हणूनच तो विचारू दिला नाही.

सरांनी छत्तीसच्या छत्तीस काचा बघितल्या. "सुंदर काम आहे," म्हणाले. "काप फारच छान. पण मंजूर आराखड्यात हा भाग नव्हता. आणि यादी प्रयोगशाळेबाहेर, मशेरीच्या डब्यात होती. हे अहवालात कसं लिहू मी?" मी म्हटलं, जसं झालं तसं लिहा. सर हसले. सर चांगलं हसतात. मला पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या संशोधनासाठी अर्ज करायचा होता, आणि शिफारसपत्र सर देणार होते. ते त्यांनी त्याच दिवशी पुन्हा आठवणीनं सांगितलं.

मग तो गुरुवार. सरांनी पडद्यावर काच दाखवली. कुठली? पहिल्या बारांतली, रद्द केलेली. काळे कण मोठे करून दाखवले. "हे कण चुलीच्या राखेचे आहेत. नमुने देणाऱ्या बाईंच्या हाताळणीमुळे ऊतींमध्ये बदल झाले असून खाडीच्या पाण्याचा मासळीवर परिणाम आढळून आलेला नाही." छत्तीस काचांचा एक शब्द नाही.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून एक पुरुष ओरडला, "जमनाबाय, तुजी चूल खाडीत नेऊन विझव!" सभागृह हसलं. बायकासुद्धा हसल्या. ज्या बायकांना जमनाबाईंनी दारोदार जाऊन सांगितलं होतं की आपली मासळी तपासतायत, त्या हसल्या.

जमनाबाई उठल्या. कमरेचा डबा काढला. सरांकडे बघितलंच नाही त्यांनी. मागे वळल्या, तिसऱ्या रांगेकडे.

"बाय, सांग की."

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

घड्याळात सव्वातीन वाजले होते. जाड मथळ्यांची पत्रकं लिहिणारी, रस्त्यावर घोषणा देणारी मी, मला तोंड उघडता आलं नाही. जमनाबाईंनी डबा परत खोचला आणि त्या बसल्या.

शुक्रवारी सकाळी मी सरांच्या टेबलावर पत्र ठेवलं: छत्तीस काचांची पेटी अहवालाला जोडा, सभा पुन्हा बोलवा. सरांनी वाचून परत दिलं. "काचा संस्थेच्या मालकीच्या आहेत. तू आपली पत्रकं लिही, तुला ते चांगलं जमतं." तेव्हापासून नोकरी सोडून तेच करते आहे. पुण्याला अर्ज केला नाही. ही शिक्षा वगैरे नाही. शिफारसपत्र त्या चपलांबरोबर आलं असतं, आणि ते मला नको.

एक दिवस उशिरा बोललेलं सत्य किती कामाचं असतं ते मला कळलं आहे. गावात जमनाबाईंना अजून 'राखवाली' म्हणतात. बाजारात त्या टोपली घेऊन बसल्या की शेजारची मुद्दाम गिऱ्हाइकाला सांगते, "हिच्याकडचं धुवून घ्या." तपासणी पुन्हा करा असा अर्ज घेऊन मी घरोघर फिरले तर बायका म्हणाल्या, "एकदा हसं झालं ना आमचं." एकीनंही अंगठा दिला नाही. जमनाबाईंनी दिला. आणि म्हणाल्या, "तवा बोलली असतीस तर बरं झालं असतं." रागानं नाही म्हणाल्या. आजची मासळी बारीक आहे म्हणावं तसं.

परवा दामूकाका भेटले. ते या वर्षाअखेर निवृत्त होतात. म्हणाले, "पेटी आहे तिथेच आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात. कपाटाची काच फुटलीये आणि खिडकीचा पडदा कुणी लावत नाही. दुपारचं ऊन थेट पडतं." पेटीचं झाकण पूर्वीपासूनच नीट बसत नव्हतं. मी विचारलं, रंग? ते म्हणाले, "कडेच्या काचांचा गुलाबी गेला. मधल्या आहेत अजून."

ते गेल्यावर त्या कपाटाची किल्ली कुणाकडे जाईल ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की काचांवर नुसते आकडे आहेत, आणि आकड्यांचा अर्थ सांगणारी यादी एका मशेरीच्या डब्यात आहे. एक दुसऱ्यावाचून मुकं आहे. दोन्ही एका टेबलावर यायला हवीत, रंग जायच्या आत.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मार्गशीर्षाला महिनाभर असेल. दुसऱ्या गुरुवारी मासळीबाजार बंद असणार. त्या दिवशी सकाळी दहा वाजता बोईसर स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या थांब्याजवळ मी आणि जमनाबाई उभ्या असू. तिथून आम्ही चालत त्या दुमजली इमारतीत जाणार आणि एकच गोष्ट मागणार: पेटी खाली काढा, मायक्रोस्कोप टेबलावर ठेवा, आणि जो येईल त्याला बघू द्या. दोघी गेलो तर खालच्या टायरच्या दुकानातूनच परत पाठवतील. म्हणून तुम्हाला सांगते आहे. सहानुभूतीचं पत्र पाठवू नका. तुम्ही निवटी खात असाल, नसाल, पालघरचे असाल नाहीतर आणखी कुठले, त्या गुरुवारी दहा वाजता या. रांगेत उभे राहा. तुमची पाळी आली की दोन्ही डोळे उघडे ठेवून काचेत बघा, आणि काय दिसलं ते तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा.